घरबसल्या

'घरबसल्या' हा आपल्या भाषेतला एक मोठा मिश्कील शब्द आहे. ज्या बाईला उद्देशून तो जाहिरातीत छापला जातो, तिला घरात बसायला दिवसाकाठी पंधरा मिनिटेही मिळत नाहीत. तरी बसस्थानकाच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर, आणि आता मोबाईलच्या पडद्यावर तो आहेच: घरबसल्या कमवा. हिंदी मुलुखात गेले की त्याचे 'घर बैठे' होते, एवढाच फरक. रक्कम सगळीकडे सारखीच गोल असते.

आमच्या गोव्यात घरबसल्या कामाची परंपरा जुनी आहे, फक्त तिला कुणी जाहिरात लावत नसे. फोंडा महालातल्या देवळांच्या आजूबाजूच्या गावांत पहाटे अबोली खुडून, ओसरीवर बसून वळेसर गुंफणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आलो. बोटे चालत असत आणि तोंडही. त्या कामाला कुणी 'काम' म्हणत नव्हते हे मात्र खरे. घरच्या कर्त्याला कुणी विचारले, 'बायको काय करते?' तर उत्तर ठरलेले: 'काही नाही, घरीच असते.' त्या 'काही नाही'तून मुलांच्या वह्या येत, गणपतीची माटोळी सजे. असो.

मला सांगायचे आहे ते भोपाळबद्दल. भोपाळशी माझे नाते दोन प्रकारचे. एक सांस्कृतिक म्हणावे असे. तिथल्या मोठ्या तलावाच्या काठावरचे भारत भवन, १९८२ साली उघडलेले, ते चार्ल्स कोरिया यांनी रचले. आणि आमच्या पणजीची कला अकादमीही त्यांचीच. मूळचा गोमंतकीय माणूस दोन तलावकाठच्या, नदीकाठच्या शहरांना एकेक घर देऊन गेला याचे मला उगीचच कौतुक वाटते. भारत भवनाच्या पायऱ्या उतरत जमिनीखाली जाताना मांडवीचा वारा आठवतो. दुसरे नाते रक्ताचे. माझी मावसबहीण लग्न होऊन तिकडे गेली, ती तिथलीच झाली. तिचे मराठी आता इतके भोपाळी झाले आहे की 'हो' म्हणायच्या जागी 'हाँ' येते आणि रागावली की संपूर्ण हिंदी.

तिच्या सुनेने एकदा मला फोन दाखवला. मुलगी एम. ए. झालेली, पूर्वी एका खासगी शाळेत शिकवत होती, दोन लहान मुले झाल्यावर नोकरी सुटली. म्हणाली, "मामा, हे सही आहे का, बघा ना जरा." पडद्यावर एक करारपत्र होते. दहा दिवसांत अमुक शे पाने टाईप करून द्यायची, अचूकता अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर हवी, मग महिन्याला घसघशीत रक्कम. सुरुवातीला नोंदणीचे दोन-अडीच हजार भरायचे, 'परत मिळण्याजोगे'. खाली सही, शिक्का, अशोकस्तंभसुद्धा. अशोकस्तंभ पाहून माझ्या मनात पाल चुकचुकली. खासगी कंपनीच्या कागदावर तो कशाला?

तिला मी विचारले, मजकूर कसा दिला आहे टाईप करायला? तिने नमुना काढला. पुस्तकाच्या पानांचे फोटो, तेही मुद्दाम पुसट केलेले. एक आणि एल यांत फरक कळू नये, स्वल्पविराम आहे की डाग हे सांगता येऊ नये, असे. आता विचार करा, ज्याला खरोखर मजकूर टाईप करून हवा आहे तो मजकूर वाचता येणार नाही असा का देईल? ज्याला तुम्ही नापास व्हायला हवे आहात, तोच देईल. या धंद्याची रीत अशी असते: पाने दिली की सांगायचे, अचूकता भरली नाही, करारभंग झाला, आता नुकसानभरपाई भरा. दोन दिवसांनी कुणा वकिलाच्या नावाने व्हॉट्सॲपवर नोटीस. तिसऱ्या दिवशी फोन: कोर्टात केस उभी राहिली आहे, इतके भरलेत तर 'सेटल' करून टाकू. बायका घाबरतात ती नोकरीला नव्हे, घरात कळेल याला घाबरतात. आणि भरतात.

सूनबाई शहाणी, तिने पैसे भरले नव्हते. पण तिच्याच इमारतीतल्या एका बाईने भरले होते, ते नंतर कळले. नोंदणीचे वेगळे, नोटिशीचे वेगळे. नवऱ्याला सांगितले नव्हते. मंगळसूत्रातले सोन्याचे मणी काढून तिथे काळे ओवले होते, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पदर नीट घेऊन वावरत होती. सूनबाईच्या लक्षात आले, कारण बायकांच्या लक्षात येते.

दुसऱ्या दिवशी मी आणि सूनबाई जुन्या शहरात गेलो. निमित्त बटव्याचे. भोपाळचे बटवे प्रसिद्ध आहेत, मण्यांचे, जरीचे, ओढायच्या दोरीला गोंडे लावलेले. पान खाणाऱ्या संस्कृतीची ती देणगी. १८१९ पासून १९२६ पर्यंत या संस्थानावर एकामागून एक चार बेगमांनी राज्य केले, कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतान जहाँ, आणि सुपारी-वेलदोड्याच्या त्या नाजूक पिशवीला दरबारी इभ्रत मिळाली. चौक बाजारातल्या दुकानदाराला विचारले, हे करते कोण? त्याने बोटाने मागची गल्ली दाखवली आणि एका पोऱ्याला आमच्याबरोबर दिले.

इब्राहिमपुऱ्यातले ते घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत जमिनीपासून हातभर उंचीवर लाकडी चौकट, तिला अड्डा म्हणतात. त्यावर कापड ढोलकीच्या पानासारखे ताणून बसवलेले. चौकटीभोवती तिघीजणी मांडी घालून. वरच्या हातात आरी, म्हणजे टोकाला आकडी असलेली सुई. खालचा हात कापडाखाली, न दिसणारा, धागा पुरवणारा. सलमा, सितारा, दबका, कोरा अशी त्या चमचमत्या मालाची नावे. वरचा हात दिसतो, त्याचे कौतुक होते. खालच्या हाताकडे मी बराच वेळ पाहायचा प्रयत्न केला, दिसला नाही. घरातली वडील बाई, सगळे त्यांना आपा म्हणत, त्यांच्याजवळ सूनबाईने आपल्या करारपत्राची गोष्ट काढली. आपांनी आरी थांबवली नाही. त्या म्हणाल्या, "बेटा, जो काम देता है वो माल घर भेजता है. उसका दिल धड़कता है कि माल खराब न हो जाए. तुम्हारे वाले का तो कुछ लगा ही नहीं है."

मला हे फार महत्त्वाचे वाटले. खऱ्या घरखेप कामात धोका पहिल्यांदा काम देणारा पत्करतो. कापड त्याचे, जर त्याची. तो मोजून देतो, मोजून घेतो, कटकट करतो, पण आधी देतो. फसव्या कामात आधी तुम्ही देता.

याचा अर्थ खऱ्या कामात शोषण नसते असा अजिबात नाही. विडीचे उदाहरण घ्या. मध्य प्रदेश हा तेंदूपत्त्याचा प्रदेश. १९६४ साली राज्याने या पानाचा व्यापार आपल्या ताब्यात घेतला. सागर, दमोह, जबलपूरकडे, आणि भोपाळच्या जुन्या वस्त्यांतही, हजारो घरांत विडी वळली जाई. आपल्या मराठी वाचकाला सिन्नर, सोलापूर, निपाणी म्हटले की हेच चित्र डोळ्यांपुढे येईल: पान भिजवायचे, पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा. हिशेब हजारी. पान आणि तंबाखू वजन करून मिळते, पण पाने निघतात फाटकी, डागाळलेली. मग हजार भरायला बाईने पदरचे पान विकत आणायचे. शिवाय मोजताना मध्यस्थ मूठभर विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढतो, त्यांचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्यात घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटले गेले. फार मोठी गोष्ट होती ती. ओळखपत्र आले, कल्याण निधी आला, दवाखाने आले. पण ओळखपत्र मिळावे म्हणून मालकाने 'ही माझी कामगार' असे म्हणावे लागते, आणि ते म्हणण्याची मालकांना कधीच घाई नव्हती.

अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही बायकांची संघटना नोंदवायला नेली तेव्हाही हीच अडचण. नोंदणी खाते म्हणाले, मालक कोण ते सांगा. मालकच नाही तर संघटना कुणाविरुद्ध? बाईंचे म्हणणे होते, संघटना कुणाविरुद्ध असावी लागते असे कुठे आहे, ती बायकांसाठी आहे. नोंदणी झाली. पुढे १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरखेप कामाविषयी १७७ क्रमांकाचा करार केला, त्यामागे या बायकांच्या चळवळीची बरीच मेहनत होती. भारताने त्या कराराला अजून मान्यता दिलेली नाही.

भोपाळमध्ये मात्र या विषयाला एक असा कोपरा आहे, जो दुसऱ्या कुठल्या शहराला नाही. २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला आणि रेल्वे स्टेशनच्या अलीकडच्या-पलीकडच्या गरीब वस्त्यांत शिरला. मेलेल्यांविषयी खूप लिहिले गेले आहे, ते योग्यच. जे जगले त्यांतले हमाल, हातगाडीवाले, गवंडी यांची फुप्फुसे गेली. दहा पावले चालले की धाप. पोती उचलणारा माणूस ओझे उचलू शकत नाही म्हणजे घर कोण चालवणार? पडद्यातल्या, उंबरठा न ओलांडलेल्या बायका. त्यांच्याही छातीत तोच वायू होता.

सरकारने शिवणकामाची केंद्रे उघडली. काही काळाने ती बंद करायला घेतली, तेव्हा त्या बायका रस्त्यावर आल्या. अब्दुल जब्बार हा वस्तीतलाच तरुण, आई-वडील आणि भाऊ गमावलेला, त्यांच्याबरोबर उभा राहिला. 'भोपाल गैस पीड़ित महिला उद्योग संगठन' हे नाव नीट वाचा: त्यात 'उद्योग' आहे. त्यांची घोषणाच होती, खैरात नको, रोजगार हवा. यादगार-ए-शाहजहानी उद्यानात शनिवारी त्यांची सभा भरे. वर्षानुवर्षे, आठवड्यामागून आठवडा. स्वाभिमान केंद्रात शिवण आणि जरदोजी शिकवली जाई. जब्बारभाई नोव्हेंबर २०१९ मध्ये गेले, हलाखीतच गेले. पद्मश्री मरणोत्तर जाहीर झाली, जानेवारी २०२० मध्ये. आपल्याकडे हे असेच चालते.

आणखी दोघीजणी आहेत. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला. रशीदा बी घरी विड्या वळणाऱ्या. वायुकांडानंतर सरकारने वायुपीडित बायकांना कागदाच्या वह्या-फायली बनवायला शिकवले, तिथे या दोघी भेटल्या. शिकवणी संपली, काम देतो म्हटले, पुढे मजुरी इतकी तुटपुंजी की ती मजुरी म्हणायला लाज वाटावी. बायकांनी संघटना बांधली, आणि १९८९ साली शंभराच्या आसपास बायका, काहींच्या कडेवर मुले, भोपाळहून दिल्लीपर्यंत चालत गेल्या. सुमारे साडेसातशे किलोमीटर. घराच्या चार भिंतींत विडी वळणाऱ्या बाईने हे करावे! २००४ साली दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, त्या पैशांतून त्यांनी वायुपीडितांच्या मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट काढला. हे मी सूनबाईला सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, "मामा, मी इथंच लहानाची मोठी झाले, आम्हाला शाळेत डिसेंबरला सुट्टी असायची. एवढंच माहीत." त्याला ती काय करणार.

सगळेच घरखेप काम असे झगडूनच मिळते असेही नाही. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तेच पुढे लिज्जत. पीठ संस्था मळून देते, बाई घरी नेऊन लाटते, वाळवते, दुसऱ्या दिवशी आणून देते आणि वणाईचे पैसे घेते. प्रवेशाला फी नाही, वळणदार हात आणि स्वच्छ घर हवे. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, मध्य प्रदेश सरकारने जीवन शक्ती योजना काढली: शहरातल्या बायकांनी फोनवर नाव नोंदवायचे, घरच्या मशीनवर सुती मास्क शिवायचे, सरकार एका मास्कला ११ रुपये देणार. माझ्या बहिणीच्या धूळ खात पडलेल्या शिवणयंत्राला त्या उन्हाळ्यात पुन्हा तेल मिळाले. अकरा रुपये म्हणजे काही डोळे दिपावेत अशी रक्कम नव्हे. खऱ्या कामाचा भाव हा असा, डोळे न दिपवणारा असतो.

उलट बाजू काळीकुट्ट आहे. जुलै २०२३ मध्ये भोपाळच्या रातीबड भागातले एक अख्खे कुटुंब, नवरा, बायको, दोन लहान मुलगे, संपले. त्या गृहस्थाने मागे ठेवलेल्या चिठ्ठीत लिहिले होते की काही महिन्यांपूर्वी फोनवर ऑनलाईन कामाचा निरोप आला, जोडकमाई होईल म्हणून त्याने हो म्हटले. मग कामासाठी पैसे भरत गेला, त्यासाठी कर्ज, कर्जाच्या ॲपवाल्यांच्या धमक्या, ओळखीच्यांकडे पाठवलेले खोटे, विकृत फोटो. चांगली नोकरी असलेला माणूस. ती बातमी आली तेव्हा मी गोव्यात होतो. बहिणीचा फोन आला आणि ती बराच वेळ काही बोललीच नाही. अशा दडपणाखाली कुणी असेल तर त्याच्याशी बोला, आणि सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवाही आहे, तिथे रात्रीअपरात्री माणूस फोन उचलतो.

या नव्या जाळ्याची वीण मी सूनबाईला समजावून सांगितली, ती इथेही मांडतो. सुरुवातीला चित्रफितींना पसंती द्या, हॉटेलांना तारे द्या, एवढेच काम. दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. तेच गळाचे गांडूळ. मग टेलिग्रामवरच्या गटात घेतात, तिथे इतर 'सदस्य' आपापल्या कमाईचे फोटो टाकत असतात; ते सगळे त्यांचेच. मग आधी हजार भरा, तेराशे मिळतील. मग पाच हजार, मग पन्नास. पडद्यावर तुमची शिल्लक फुगत जाते, काढता मात्र येत नाही. काढायची तर आधी कर भरा. ज्या कामात बाई रोज किती माल तयार करते हे सांगताच येत नाही, तिथे माल बाईच असते. आणखी एक प्रकार याहून घातक: 'काहीच करू नका, फक्त तुमचे बँक खाते वापरायला द्या, टक्केवारी देऊ.' दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले पैसे त्या खात्यातून फिरतात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात.

मग खरे काम शोधायचे कुठे? सरकारचे राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. ई-श्रम २०२१ पासून, त्यातही घरखेप कामगारांना जागा आहे, तेही फुकट. कंपनी खरी की खोटी हे कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येते. पण खऱ्या कंपनीचे नाव चोरून वापरणारेही असतात, म्हणून कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावर उलटा फोन करावा. पेन्सिली पाकिटात भरायचे काम देतो म्हणून नामवंत कंपनीचे नाव घेणाऱ्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. साधी अक्कल चालवा: तासाला हजारो पेन्सिली भरणारे यंत्र दारात असताना कारखाना त्या तुमच्या दिवाणखान्यात कशाला पाठवेल? आणि खऱ्या कोर्टाची नोटीस आली तरी तिच्याबरोबर पैसे भरायचा क्यूआर कोड येत नाही.

सूनबाईने शेवटी जे केले ते यातल्या कुठल्याच संकेतस्थळावरून नव्हे. तिच्या जुन्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या ओळखीने एका प्रकाशकाकडचे मुद्रितशोधन मिळाले. आधी दोन प्रकरणे नमुन्याला दिली, ती पाहून त्याने पूर्ण पुस्तक पाठवले. पानाला ठरलेला दर, महिनाअखेर पैसे. पहिल्या महिन्याचे वीस दिवस उशिरा आले. दुपारी मुले निजली की दोन तास, रात्री एक. दर कमी आहे असे तिचे म्हणणे आहे, आणि ते बरोबर आहे. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी तिने तसे सांगितले, त्याने थोडा वाढवला.

शेजारच्या बाईला ती १९३० वर फोन करायला घेऊन बसली. सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायचा हा राष्ट्रीय क्रमांक; पैसे गेल्यागेल्या, तासाभरात कळवले तर पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता बरी असते. इथे उशीर झाला होता. तरी तक्रार घेतली गेली, क्रमांक मिळाला, आणि नोटिशीचे फोन त्यानंतर बंद झाले. शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम एका खात्यात गोठवलेली आहे असे कळले आहे. ती परत मिळावी म्हणून अर्ज केला आहे. नवऱ्यालाही तिने त्याच आठवड्यात सांगितले. तो दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी अर्जाच्या झेरॉक्स काढून आणल्या.